अकोट्याहून मांडवीला

बडोद्यात पावसाळ्यात दोन आकडे तोंडपाठ असावे लागतात. एक अजव्याचा, दुसरा काळ्या घोड्याचा. अजवा म्हणजे शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून सयाजीरावांच्या काळात बांधलेलं सरोवर. ते भरलं की ६२ दरवाज्यांतून पाणी विश्वामित्री नदीच्या वाटेला लागतं. काळा घोडा म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, पण पावसाळ्यात त्याचा अर्थ एवढाच, की पुतळ्याजवळच्या पुलाखाली नदी किती फुटांवर आहे. २६ फूट म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टात भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत कोणीही कोणालाही विचारतं, "काळाघोडा केटलुं?" आणि उत्तर फुटांतच येतं.

२६ ऑगस्ट २०२४ ला जन्माष्टमी होती. आम्ही तेव्हा अकोट्यात राहायचो, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. तळमजला आईच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम घेतलेला, २०११ मध्ये. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हाही पाणी आमच्या पायरीला लागून परत गेलं होतं. त्या एका पायरीवर पाच वर्षं आमचा विश्वास होता. जन्माष्टमीच्या रात्री सुंठवडा खाऊन झोपलो आणि पहाटे संडासाच्या भांड्यातून गडगड आवाज यायला लागला तेव्हा जागे झालो. नदी दारातून येते असं मला वाटायचं. ती आधी नळीतून येते.

आईला खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेलं. कागदपत्रांची बॅग, औषधं, देवातला बाळकृष्ण, लॅपटॉप, एवढंच दोन खेपांत झालं. तिसऱ्या खेपेला गुडघाभर पाणी होतं आणि बायको म्हणाली, "आता नाही जायचं खाली." पुढचे तीन दिवस आम्ही वरून आमच्याच घराच्या खिडकीकडे बघत बसलो. विश्वामित्री ३७ फुटांपर्यंत गेली. आमच्या घरात चार फूट पाणी होतं. अकोट्यातल्याच एका घराच्या छपरावर मगर बसल्याचा फोटो देशभर फिरला, पुण्यातून, नागपूरहून नातेवाइकांचे फोन आले ते सगळे त्या मगरीविषयी विचारायला. मगरींचं काय, त्या नेहमीच नदीत असतात, शेकड्यांनी. त्यांच्या घरात आम्ही राहायला गेलो होतो की आमच्या घरात त्या आल्या होत्या, हा प्रश्न त्या दिवसांत मला पडला नाही. मला फक्त फ्रिज दिसत होता, आडवा होऊन तरंगणारा.

पाणी उतरल्यानंतरचं सगळं सांगत बसत नाही. ज्यांनी काढलाय तो गाळ त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी नाही काढला त्यांना त्याचा वास शब्दांत कळायचा नाही. दोन गोष्टी सांगतो. पहिली, फुगलेलं प्लायवूड. सगळं फर्निचर उभं होतं, बोट लावलं की पापुद्रे सुटत. दुसरी, गाडी. ती भंगारात गेली आणि विम्याचे पैसे हातात यायला इतके महिने लागले, की आले तेव्हा आम्ही गाडीशिवाय जगायला शिकलो होतो.

माझी बायको सांगलीची. तिला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिच्या माहेरी आयर्विन पुलाचे फूट मोजतात. २०१९ च्या ऑगस्टात तिथे कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा तिचे भाऊ-भावजय आठ दिवस दुसऱ्यांच्या घरी होते. गाळ काढून झाल्यावर पाटावर बसून तिने विचारलं, "तुमच्या या शहरात नदी कुठे येत नाही?"

मी विचार न करता म्हणालो, "मांडवीला."

"मग तिथे जाऊ."

तिच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या दृष्टीने तिथेच सुरू झाला, कारण मांडवी म्हणजे जुनं शहर, चार दरवाज्यांच्या आतलं. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी, या चार दरवाज्यांचे रस्ते मधोमध जिथे मिळतात तिथे मांडवीची इमारत. आमचं घराणं तिथून जवळच, रावपुऱ्यातलं. आजोबा एका वाड्यात तीन खोल्यांत राहिले, वडील तिथेच वाढले आणि १९८४ मध्ये बाहेर पडले. बाहेर पडले हा शब्द आमच्या घरात तुरुंगातून सुटल्यासारखा वापरला जायचा. स्वतःचा संडास, स्कूटर लावायला जागा, आणि रेडिओ मोठ्याने लावला तरी कोणी काही म्हणणार नाही, या तीन गोष्टींसाठी माणसं त्या काळात जुनं शहर सोडत होती. वाडा पुढे विकला गेला. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

आईला सांगितलं तेव्हा ती उशीरापर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी तिथे सोळा वर्षं पाणी भरलंय. मला नको." पुण्याकडच्या लोकांना जुन्या वाड्याचं फार कौतुक असतं. माझ्या आईला नव्हतं. तिला आठवत होती ती सामायिक न्हाणीघराची रांग, आणि समोरच्या खिडकीतून सासूबाईंच्या मैत्रिणीने ठेवलेली नजर, की नवी सून किती वेळा डोक्यावरचा पदर पाडते. मी म्हटलं तीन महिनेच, इथल्या भिंती वाळेपर्यंत. ती म्हणाली, "बघ बाबा." या दोन शब्दांचा अर्थ आमच्या घरात होकार असा कधीच नसतो.

जुन्या शहरात घर शोधायची रीत वेगळी आहे. दलालाकडे गेलो तर त्याने तीन पोळींची नावं सांगून दोन दिवसांनी फोन बंद केला. (पोळ म्हणजे एका तोंडाची गल्ली, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागलेली घरं. पुण्याच्या मामाला मी 'पोळीत राहायला जातोय' म्हणालो तर तो म्हणाला, "पुरण होऊन?") मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं, की इस्त्रीवाल्याला विचारा. ते बरोबर होतं. कोणाचा मुलगा कॅनडाला गेला, कोणाचं वरचं मजघर रिकामं आहे, कोणाच्या घरून शर्ट यायचे बंद झाले, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याने माझ्या शर्टाकडे बघितलं, घरात किती माणसं विचारलं आणि एका दाराकडे मान हलवली.

घराचे मालक पंच्याहत्तरीचे. मुलं वाघोडिया रोडला राहायला गेलेली, हे आणि काकी तळमजल्यावर. त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तमारी अटक?" गुजरातीत अटक म्हणजे आडनाव. जन्म बडोद्यात जाऊनही हा शब्द ऐकला की मला क्षणभर जामीन आठवतो. मी आडनाव सांगितलं. "दक्षिणी," ते स्वतःशीच म्हणाले. इथे आम्हाला दक्षिणी म्हणतात, गायकवाडांबरोबर दक्षिणेतून आलेले म्हणून. आम्हाला येऊन दोन-अडीचशे वर्षं झाली तरी आम्ही दक्षिणीच. मला त्याचा राग येत नाही. माझ्या आजीने समोरच्या घराला शेवटपर्यंत 'ते गुजराती' म्हटलं, त्यांच्याच गावात राहून.

मग एकेक प्रश्न. कांदा-लसूण चालेल. बाकीचं? मी खरं सांगितलं, की बाहेर कधीमधी खातो, घरात शिजत नाही. "घरमां नहीं ने? बस." ऑफिसला किती वाजता निघता? हा प्रश्न का, ते मला तेव्हा कळलं नाही. मुलगी काय करते, पुण्याला एकटी कशी राहते, सून की मुलगी, आईचं वय, आईचं माहेर. शेवटी काकींनी आतून विचारलं, "बा दादर चढशे?" दादर म्हणजे जिना. तो बघितल्यावर माझ्याही मनात तेच आलं. शिडीसारखा उभा, कठडा नाही, धरायला वरून लोंबणारा एक जाड दोर. सव्वा तास मुलाखत झाली. मी मकरपुरा जीआयडीसीत अकाउंट्सचं काम करतो. तिथे नोकरीसाठी वीस मिनिटं विचारलं होतं.

भाडं नऊ हजार, अनामत दोन महिन्यांची. कोठीजवळ जाऊन तीनशेच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा करार, नोटरी, पोलीस ठाण्यात भाडेकरू म्हणून नोंद, दोन फोटो. एका दिवसात उरकलं. कागदाचं काम सोपं होतं.

कपाटाचं नव्हतं.

पुरातून वाचलेली एकमेव मोठी वस्तू म्हणजे आईचं गोदरेजचं कपाट, १९६८ चं, तिच्या लग्नातलं. पाणी आत गेलं, गंज चढला, पण पत्रा वाकला नाही. सामानाचा टेम्पो मोठ्या रस्त्यावरच थांबला. तिथून पुढे हातलारी. लारी पोळीच्या तोंडातून आत गेली आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं येऊन उभी राहिली. आमचा संसार ते एकेक वस्तू करून बघत होते, आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. गाद्या नव्या, गॅसची शेगडी नवी, डबे पत्र्याचे. एक बेन हळूच म्हणाल्या, "पूरवाळा छे." तेवढ्या दोन शब्दांनी आमची ओळख झाली आणि पुढे महिनाभर आम्हाला कोणी काही विचारलं नाही, फक्त काही ना काही आणून दिलं. खमण, गव्हाचं पीठ, एक जुना मिक्सर, जो अजून आमच्याकडेच आहे आणि जो परत द्यायची गोष्ट काढली की त्या रागावतात.

कपाट जिन्यात शिरेना. हमालांनी आडवं केलं, उभं केलं, दरवाजे काढले. मग मालककाका ओट्यावरून म्हणाले, की असं नाही जाणार, वरून घ्यावं लागेल. १९७५ साली त्यांच्या मोठ्या भावाचा झोपाळा असाच घेतला होता. त्यानंतर अर्धा तास दोराविषयी चर्चा. नारळाचा काथ्या की नायलॉन, गाठ कुठली, वरच्या सज्जाचं लाकूड भार घेईल का. लाकूड सागाचं होतं पण एका टोकाला उधई लागलेली, म्हणून समोरच्या घराच्या गच्चीवरूनही एक दोर टाकायचं ठरलं. समोरच्या गच्चीवर चार मुलं, आमच्या सज्जात तीन, खाली दोन हमाल आणि सूचना देणारी किमान पंधरा माणसं. कपाट हवेत गेलं. पोळीच्या मधोमध, दोन्ही घरांपासून सारख्या अंतरावर, ते एकदा संथ गोल फिरलं. तेवढ्यात दुधाची मोटरसायकल आत आली. तो माणूस थांबला, वर बघितलं, आणि दुधाचा कॅन खाली ठेवून दोर धरायला आला.

आई त्याच्यानंतर वर गेली. खुर्चीत बसवून नव्हे. एकेक पायरी बसत-बसत, मागे सरकत, दोर धरून, बावीस मिनिटांत. वर पोचल्यावर म्हणाली, "आता मी खाली येणार नाही." ही तक्रार होती की निर्णय, मला कळलं नाही, पण ते तिने बरंचसं पाळलं.

ऑफिसला कधी निघता, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी उलगडला. पोळीच्या आत चौदा दुचाकी लागतात, आणि त्या रात्री एका ठरलेल्या क्रमाने लावायच्या असतात. सकाळी सर्वांत आधी निघणाऱ्याची तोंडाजवळ, सर्वांत उशिरा निघणाऱ्याची सर्वांत आत. भिंतीवर कुठेही लिहिलेलं नाही. साडेपाचचा दूधवाला, सहाची शिक्षिका, पावणेसातचा रिलायन्सच्या बसवाला, असं करत माझा नंबर नववा, कारण मी आठला निघतो. एकदा मला सुट्टी होती आणि मी कोणाला न सांगता झोपून राहिलो. आठ दहाला खालून हाका सुरू झाल्या, माझ्यामागचे पाच जण अडकले होते. तेव्हापासून रजा टाकली की मी साहेबांच्या आधी पोळीत सांगतो.

पाणी सकाळी पाऊण तास. "पाणी आव्युं!" अशी एक आरोळी तोंडाजवळच्या घरातून उठते आणि घरोघर पुढे सरकत शेवटपर्यंत जाते. जमिनीखालच्या टाकीत पडतं, मोटर लावून वर चढवायचं. या भागाला अजव्याचं पाणी येतं. म्हणजे ज्या अजव्याच्या नावाने आम्ही अकोट्यात बोटं मोडत होतो त्याचंच इथे मी पहाटे उठून स्वागत करतो. आईला मात्र त्या आरोळीने पहिले काही दिवस धडकीच भरायची. एक, पुरामुळे, दोन, त्या सोळा वर्षांमुळे. मग तिच्या लक्षात आलं की आता बटण दाबायचं असतं. तिने बटणाचं काम स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या कोणी दाबलेलं तिला चालत नाही.

ती खाली येत नाही म्हणून टोपली आली. सज्जातून दोरीला बांधलेली वेताची टोपली खाली सोडायची, भाजीवाली त्यात भेंडी टाकणार, आई वर ओढून घेणार, न आवडलेली चार परत पाठवणार. दूध, वर्तमानपत्र, फुलं, औषधं, सगळं टोपलीतून. पोळीतल्या मुलांनी तिचं नाव ठेवलं 'उपरवाळां बा'. कोणाचा चेंडू, कोणाची पतंग आमच्या सज्जात आली की खालून हाक येते, "उपरवाळां बा, टोपली नाखो!" देवाच्या हुद्द्यावरची ही नेमणूक आईला आवडली आहे, असं ती कबूल करत नाही. उत्तरायणाला चौदा-पंधरा जानेवारी दोन्ही दिवस सगळी पोळ गच्च्यांवर होती आणि उंधियुं-जलेबीची ताटं या गच्चीतून त्या गच्चीत हातोहात जात होती. आईपर्यंत ताट वरून उतरलं, टोपलीतूनच.

पण हे सगळं गोडगोड नाही. आमच्या एसीचं पाणी शेजारच्यांच्या ओट्यावर ठिबकायचं. त्यांनी एकदा सांगितलं, मी नळी लावली, नळी वाऱ्याने हलली, पुन्हा ठिबकलं, आणि मग रोज रात्री साडेनऊला त्या घरचे गृहस्थ खाली उभे राहून, मला नव्हे, भिंतीला उद्देशून बोलायला लागले. इथे भांडण कोणाशीही खाजगीत करता येत नाही. मी काय उत्तर दिलं ते सकाळी इस्त्रीवाल्याला शब्दशः माहीत होतं. माझ्या कुरिअरवर काय लिहिलंय, मुलगी किती दिवसांनी आली, काल रात्री आमच्याकडे मॅगी झाली, हेही माहीत. बायको म्हणते, सांगलीपेक्षा बरं, तिथे तर हे सगळं नातेवाइकांना माहीत असतं. मला मात्र अजून जड जातं. कधीकधी ऑफिस सुटल्यावर मी सूरसागर तळ्याच्या पाळीवर अर्धा तास नुसता बसतो, कोणी मला ओळखू नये म्हणून, आणि तिथेही कोणीतरी "केम, आजे मोडा?" (का, आज उशीर?) म्हणतंच.

आईच्या वाचनासाठी मी सेंट्रल लायब्ररीत जायला लागलो. मांडवीपासून चालत पाच मिनिटं. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणवून ही व्यवस्था उभी केली. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधल्या वरच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. शाळेत असताना मला त्या काचेवर चालायची भीती वाटायची. तिथेच एका संध्याकाळी बडोद्याच्या इतिहासावरचं काहीतरी चाळत होतो आणि एका परिच्छेदावर थांबलो. जुनी वस्ती होती अंकोट्टक, म्हणजे आजचं अकोटा, नदीच्या पश्चिम काठावर. सुमारे इ.स. ६०० च्या आसपास मोठे पूर आले आणि लोक नदी ओलांडून पूर्वेला, थोड्या उंचावरच्या वटपद्रक नावाच्या गावात राहायला आले. त्या वटपद्रकाचंच पुढे बडोदं झालं.

मी पुस्तक उघडं ठेवून तसाच बसलो. अकोट्याहून मांडवीला. आम्ही नऊ हजार भाडं, अनामत, करार वगैरे करून जे केलं ते चौदाशे वर्षांपूर्वी आख्ख्या गावाने करून ठेवलं होतं. आणि मधल्या काळात आमच्या पिढ्या इकडून तिकडे परत गेल्या, स्कूटर लावायला जागा पाहिजे म्हणून. घरी येऊन आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "त्यांच्याकडे पण कपाट असेल."

एक गोष्ट मात्र त्यात बसत नाही. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत, आणि त्या पाचव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंतच्या आहेत. म्हणजे पुरानंतरही कित्येक शतकं तिथे कोणीतरी होतं, मूर्ती घडवत किंवा पूजत. सगळे नाही उठून आले. काही राहिले.

फेब्रुवारीत एका रात्री दोन वाजता आईला श्वास लागला. १०८ ला फोन केला, गाडी बारा मिनिटांत आली, मोठ्या रस्त्यावर. आत येऊच शकत नाही. मी हा क्षण कराराच्या दिवसापासून मनात घोळवत होतो आणि प्रत्यक्षात माझ्या हातून काहीच झालं नाही, कारण मी जिन्याच्या वर उभा राहून दोराकडे बघत होतो. बायकोने सज्जातून एक हाक मारली. चार दारं उघडली. प्लास्टिकची खुर्ची आली, आईला ओढणीने खुर्चीला बांधलं, दोघे खाली, दोघे वर, पायरी-पायरी मोजत. खुर्चीचा खालचा पुढचा पाय ज्याने धरला होता तो एसीवाला शेजारी होता. सर्वांत जास्त वजन त्याच्यावर होतं. पोळीत लावलेल्या दुचाक्या तोवर कोणीतरी भिंतीला सरकवून वाट केली होती. आईला तीन दिवस ठेवून घेतलं आणि ती बरी होऊन आली.

आल्यावर पोळीतल्या प्रत्येकाला तिची शुगर, बीपी आणि छातीच्या एक्स-रेमध्ये काय दिसलं ते माहीत होतं. आठ प्रकारचे काढे आले. चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला खालून भिंतीला उद्देशून आवाज आला. एसी चालू नव्हता, फेब्रुवारीच होता. ते पाणी आईने तुळशीला घातलेलं होतं. मी खाली गेलो, त्यांचा ओटा पुसला, आणि दोघंही त्या रात्रीविषयी एक शब्द बोललो नाही.

तीन महिन्यांचे अकरा झाले तेव्हा अकोट्याच्या फ्लॅटचं काय, हा विषय काढावा लागला. भिंती वाळल्या होत्या. रंग दिला होता. विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, पाणी किती आलेलं? तळमजल्याचं तोंड पडलेलंच. शेवटी भाड्याने द्यायचं ठरलं. एक तरुण जोडपं आलं, लहान मुलगी, तो कुठल्याशा फार्मा कंपनीत. घर त्यांना आवडलं, आणि भाडं परवडत होतं. मी त्यांना दिवाणखान्यात भिंतीजवळ उभं केलं आणि छातीएवढ्या उंचीवर हात ठेवून म्हणालो, इथपर्यंत. नव्या रंगाखाली ती रेघ दिसत नव्हती. बायको म्हणाली होती, सांगितलंच पाहिजे. ऑफिसातले म्हणाले होते, सांगू नका. ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग त्याने विचारलं, "यंदा नदी खोल करतायत ना?" करत होते, ते खरं होतं. २०२५ च्या पावसाळ्याआधी विश्वामित्रीत जेसीबी उतरले होते, काठ रुंद, तळ खोल, मगरींना सांभाळून. मी म्हणालो, करतायत. त्यांनी घर घेतलं. मी भाडं पंधराशेने कमी केलं आणि करारात नसलेली दोन कलमं तोंडी सांगितली. एक, कागदपत्रं माळ्यावर ठेवायची. दोन, काळा घोडा २० झाला की मला फोन.

आई अजून म्हणते की हे घर तिला आवडत नाही. जिना, उधई, समोरच्यांचा टीव्ही. मालककाकांनी नवा करार करायला बोलावलं तेव्हा तिने वरून विचारलं, "किती महिन्यांचा?" मी म्हटलं अकराच असतो. "मग पुढच्या वेळी सज्जाचं लाकूड बदलून घ्यायला सांग त्यांना. टोपली घासते."

पावसाळ्यात एका रात्री पाऊस लागून राहिला. साडेअकराला भाडेकरूचा फोन. आकडा धोक्याच्या पुष्कळ खाली होता, मी बघितला होता, आणि त्यानेही बघितला होता हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. तरी त्याने विचारलं, "अंकल, काळाघोडा केटलुं?"

मी आकडा सांगितला. मग काय बोलावं दोघांनाही सुचेना. पलीकडून मुलीचं खोकणं ऐकू आलं. बायको तोवर उठून आतल्या खोलीतल्या गाद्या मोजायला लागली होती, आणि आईने अंधारातूनच विचारलं, "त्या पोरीला जिना चढता येईल ना?"